शेवटच्या भागातली परतवेल

काम असं होतं: एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’ या कादंबरीवर, गोष्ट ठाण्यात आणून, मराठीत दहा भागांची मालिका लिहायची. कथा-पटकथा माझी, संवाद कळव्याच्या एका तरुण लेखकाचे, दिग्दर्शिका आधीच ठरलेली, निर्मितीसंस्थेचं ऑफिस घोडबंदर रोडला. कादंबरी १८४७ची, लेखिका १८४८ साली गेली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक मोकळं होतं, त्यामुळे हक्क विकत घेण्याचा खर्च शून्य. निर्मात्यांना या कादंबरीतलं सगळ्यात जास्त आवडलेलं हेच असावं.

पटकथेच्या वर्गात हे प्रकरण मी आतापर्यंत तोंडीच सांगत आले. दर वेळी कुणीतरी हात वर करून वंशावळ पुन्हा मागतं, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते. यात मुख्य भानगड दहाव्या भागाची आहे, पण तिथवर पोचायला आधीच्या दोन-तीन गोष्टी सांगाव्या लागतील.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट. टेकडीवर अर्नशॉ घराण्याचं जुनं घर, वदरिंग हाइट्स. खाली चार मैलांवर लिंटन घराण्याचं थ्रशक्रॉस ग्रेंज. म्हातारे अर्नशॉ लिव्हरपूलला चालत जातात आणि येताना रस्त्यावरचं एक काळंसावळं अनाथ पोर घेऊन येतात; तो हीथक्लिफ. त्यांची स्वतःची मुलं दोन, हिंडली आणि कॅथरिन. कॅथरिन आणि हीथक्लिफ एकमेकांत पार मुरलेले, पण लग्न ती खालच्या एडगर लिंटनशी करते. हीथक्लिफ परागंदा होतो, तीन वर्षांनी पैसा घेऊन परततो आणि दोन्ही घरांचा सूड उगवायला बसतो. हिंडलीला दारू-जुगारात बुडवून त्याचं घर गहाण घेतो. एडगरच्या बहिणीला, इझाबेलाला, पळवून तिच्याशी लग्न करतो. कॅथरिन मुलीला जन्म देऊन दोन तासांत जाते. मागे उरतात तीन मुलं: हिंडलीचा हेअरटन, कॅथरिनची कॅथी आणि हीथक्लिफ-इझाबेलाचा आजारी लिंटन. हीथक्लिफ कॅथीचं लग्न जबरदस्तीनं लिंटनशी लावतो. लिंटन मरतो, पुढे हीथक्लिफही मरतो, आणि कॅथी व हेअरटन एकत्र येतात.

मसुद्यात आम्ही इंग्रजी नावंच ठेवली होती. मराठी आडनाव घातलं की जात आली, आणि चॅनेलच्या क्रिएटिव्ह मंडळींनी पहिल्याच बैठकीत ‘आडनावांचं शेवटी बघू’ म्हणून विषय मिटवला होता. त्यामुळे ‘हिंडलीदादाच्या सातबाऱ्यावर बोजा चढवला की नाही?’ असली वाक्यं आम्ही गंभीर चेहऱ्यानं बोलत असू.

दोनशे वर्षं मिळवून

काळ ठरवणं अनपेक्षितपणे सोपं गेलं. सी. पी. सँगर नावाच्या वकिलानं १९२६ साली एक छोटीशी पुस्तिका लिहून या कादंबरीतल्या जवळजवळ प्रत्येक घटनेची तारीख आणि त्यामागचा जमिनीचा कायदा उलगडून दाखवला होता. त्या तारखांत मी सरळ दोनशे मिळवले. हीथक्लिफ घरात येतो १७७१ला, आमच्याकडे १९७१. एक वर्ष पुढे सरकवलं की १९७२चा दुष्काळ. पोटासाठी मुंबईकडे आलेल्या लोंढ्यातलं, भाऊच्या धक्क्यावर सापडलेलं पोर, ज्याचं गाव त्यालाही सांगता येत नाही. मूळ पुस्तकातही त्याच्याबद्दल एक तर्क ‘लास्कर’ असा केलेला आहे. लास्कर म्हणजे जहाजावरचा हिंदी खलाशी. म्हणजे पोर धक्क्यावर आणून आम्ही फार मोठी मोडतोड केली असं नाही.

तो परततो १७८३ला. आमच्याकडे १९८३: गिरणी संप फसलेला, आणि १ ऑक्टोबर १९८२पासून ठाण्याची महानगरपालिका झालेली. घोडबंदर पट्ट्यातल्या भातखाचरांना उद्या काय भाव येणार हे ओळखणाऱ्या माणसानं परतायला याहून चांगलं वर्ष नाही. हिंडलीच्या जुगाराला मटका हजर होताच. वरचं घर येऊरच्या वाटेवर, खालचं नौपाड्यात. मैलांचं अंतरसुद्धा साधारण जुळलं. पावसाळ्यात येऊरला रात्र काढलेल्यांना वारा वेगळा लिहून दाखवावा लागत नाही. फक्त ‘वदरिंग’ला मराठी शब्द सापडेना. घोंघावणं, भणाणणं, सुसाटणं यांतलं काय घ्यायचं यावर एक अख्खा शनिवार गेला आणि शीर्षक शेवटपर्यंत ठरलं नाही ते नाहीच.

जोसेफ हा म्हातारा गडी मूळ पुस्तकात इतक्या गच्च यॉर्कशर बोलीत बोलतो, की १८५०च्या आवृत्तीत शार्लट ब्राँटेनं बहिणीच्या लिखाणातली त्याची बोली वाचकांसाठी सौम्य केली. ठाण्यात गडी म्हटल्यावर क्रिएटिव्हना आगरी हवी होती. आमचा संवादलेखक स्वतः आगरी. तो म्हणाला, ‘मालक प्रमाण बोलणार आणि गडी आगरी, हे मी लिहिणार नाही. दुसऱ्या कुणाला द्या.’ त्याचं बरोबर होतं. मालिकांमध्ये आमच्या या भागातली बोली हसायला किंवा भांडी घासायलाच येते. जोसेफ मग साताऱ्याकडचा झाला. या बदलाचा उपयोग पुढे होणार आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

ती मरते कधी

पुस्तकाची प्रकरणं चौतीस. कॅथरिन सोळाव्या प्रकरणात जाते, म्हणजे निम्म्याच्याही आत. क्रिएटिव्हचं म्हणणं होतं, हिरॉइन दहाव्या भागाआधी मेली तर पुढे कोण बघणार? यात नवीन काहीच नाही. १९३९च्या हॉलिवूडच्या चित्रपटानं दुसरी पिढी सरळ छाटून टाकली होती. (त्यातली कॅथरिन झालेली मर्ल ओबेरॉन मुंबईत जन्मलेली. हे तिनं लपवलं. जन्म टास्मानियातला सांगायची. सावळा हीथक्लिफ झाला होता लॉरेन्स ऑलिव्हिए. या दोघांचे रंग एवढ्यासाठी लक्षात ठेवावेत की गोष्ट मुळात रंगाचीही आहे.) टीव्हीला मात्र जागा असते. बीबीसीनं १९६७ साली चार भाग केले आणि १९७८ साली पाच. पाच भागांत अख्खं पुस्तक मावलं. २००९च्या ब्रिटिश मालिकेत, ज्यात टॉम हार्डी हीथक्लिफ आहे, पटकथाकार पीटर बोकरनं कथा सांगणारा भाडेकरू लॉकवुड काढून टाकला आणि सुरुवातच दुसऱ्या पिढीपासून केली. प्रेक्षकाला मुलं आधी भेटतात, मग त्यांच्या आईबापांची गोष्ट उघडते. मरण मध्यात आलं तरी त्यानंतर बघायला काय आहे हे त्याला ठाऊक असतं. मला ही युक्ती फार आवडते. तिथला शेवट तितका आवडत नाही. पुस्तकात हीथक्लिफ अन्न सोडून विझत जातो, मालिकेत स्वतःवर गोळी झाडतो.

आम्ही बोकरचा रस्ता धरला, पहिला भाग २००५मध्ये उघडला आणि कॅथरिनला पाचव्या भागाच्या शेवटी मरू दिलं. यावर तीन आठवडे भांडण चाललं, पण ते आमच्या धंद्यातलं नेहमीचं भांडण होतं.

जमीन

हीथक्लिफनं कॅथीचं लग्न लिंटनशी का लावलं? पुस्तकात उत्तर कायद्यात आहे. एडगरच्या वडिलांनी व्यवस्थाच अशी केलेली, की एडगरला मुलगा नसेल तर ग्रेंज त्याच्या बहिणीच्या वंशाकडे जावं. कॅथी मुलगी म्हणून बाहेर. आणि तेव्हाच्या इंग्लंडात लग्न होताच बायकोची जंगम मिळकत नवऱ्याची होई. लिंटन मरताना ती बापाच्या नावे करून जातो. वरचं घर गहाणात आलेलंच होतं; एका मरतुकड्या पोराच्या हातून खालचंही हीथक्लिफच्या घशात जातं.

ठाण्यात यातलं काहीच चालत नाही. एकुलत्या मुलीला बापाची जमीन १९५६च्या वारसा कायद्यानंच मिळते, आणि मिळालेली मिळकत पूर्णपणे तिचीच राहते. महाराष्ट्रानं १९९४ साली अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, केंद्रानं सप्टेंबर २००५मध्ये. सून आणली म्हणून सासऱ्याला तिच्या माहेरचा गुंठाही मिळत नाही. शिवाय वयं: पुस्तकात लग्नाच्या वेळी दोघंही जेमतेम सतरा वर्षांची आहेत. आपल्याकडे मुलगा एकवीसचा हवा. म्हणून लग्न २००१वरून २००५वर गेलं. दिग्दर्शिकेला लगेच २६ जुलैचा पाऊस हवासा वाटला. मुंबई-ठाण्याच्या प्रत्येक लेखक-दिग्दर्शकाला कधी ना कधी २६ जुलै हवीच असते. मी नाही म्हटलं.

जमिनीसाठी शेवटी कुलमुखत्यारपत्र आलं, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला लिहून देणं. बाप मरणपंथाला, मुलीला बाहेरचं काही ठाऊक नाही, आणि ‘सासरे बघतील सगळं’ म्हणून ती विकास करारनाम्यासोबतच्या अपरिवर्तनीय कुलमुखत्यारपत्रावर सही करते. घोडबंदरला हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण यामुळे लग्नाचं काम बदललं. मूळ गोष्टीत लग्नातून मालकी मिळते. आमच्या गोष्टीत लग्नातून फक्त विश्वास मिळणार होता आणि मालकी सहीतून. म्हणजे लग्न असं हवं, की त्यावर कुणालाच शंका येऊ नये. ते कसं लिहायचं हे मला महिनाभर सुचत नव्हतं.

चरईतलं स्वयंपाकघर

माझ्या सासूबाई कराडकडच्या. वय शहाऐंशी, वाचन दांडगं. मी सगळ्या भागांचं वन-लाइन, म्हणजे भागवार थोडक्यात कथा, छापून टेबलावर ठेवलं होतं. त्यांनी चहा पिता पिता वाचून काढलं आणि मग मला हाक मारली.

‘अगं, शेवटी ही पोरगी ज्याच्याशी लग्न करते, तो तिचा कोण?’

‘मामेभाऊ, आई. तिच्या आईच्या सख्ख्या भावाचा मुलगा.’

‘म्हणजे ही त्याच्या आत्याची मुलगी. आणि आईच्या माहेरी सून म्हणून जाणार?’

‘हो.’

‘परतवेल झाली की गं ही.’ त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, माझ्याच पेननं दोन घरं काढली आणि रेघा ओढल्या. ‘आणि आधीचा तो आजारी?’

‘तो आतेभाऊ. वडिलांच्या बहिणीचा मुलगा.’

‘मग त्याला ती मामाची मुलगी. ते चालतं. ते तर रीतीचंच.’

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: घरातली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, म्हणजे वेल तिकडे गेली. तिची मुलगी पुन्हा त्याच पहिल्या घरात सून म्हणून आली, की वेल परतली. जुनी माणसं हे अशुभ मानतात. उलट बाजूला, मुलानं मामाची मुलगी करणं हे देशस्थांत, मराठ्यांत आणि इतर अनेक जातींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, हक्काचंच मानलेलं. कोकणस्थांत दोन्ही नाही. इरावती कर्व्यांनी १९५३च्या नातेसंबंधांवरच्या आपल्या ग्रंथात मराठी मुलखातली ही एकाच बाजूची मोकळीक नोंदलेली आहे. मी तो ग्रंथ कॉलेजात वाचला होता. आठ महिने या कादंबरीत बुडालेली असताना तो एकदाही आठवला नाही, कारण आमच्या सगळ्या टिपणांमध्ये दोन्ही मुलं ‘कझिन’ होती. मराठीत एकदा जरी वंशावळ काढली असती तरी मामेभाऊ आणि आतेभाऊ हे शब्द समोरासमोर आले असते.

कॅलेंडरच्या त्या पानावर गोष्ट उलटी झालेली होती. ब्राँटेच्या पुस्तकात जे लग्न सगळ्यात भीषण, ते आपल्याकडे सगळ्यात रीतीचं. आणि ज्या लग्नानं पुस्तक शांत होतं, तेच आपल्याकडे नको म्हटलेलं.

‘ऑडियन्सला कळणार नाही’

क्रिएटिव्हचं पहिलं उत्तर हे होतं. म्हणून दिग्दर्शिकेनं दुसऱ्या एका मालिकेच्या सेटवर, जेवणाच्या सुट्टीत, येईल त्याला गोष्ट सांगून बघितली. सोलापूरच्या मेकअपदादांनी गोष्ट अर्ध्यावर असतानाच मान हलवली: ‘आत्याची मुलगी? नाही करत, ताई.’ स्पॉटवाल्या मावशींनी त्यांच्या गावातलं एक उदाहरण दिलं आणि त्याचं पुढे काय वाईट झालं तेही. दोन सहायक दिग्दर्शकांना, दोघंही ठाण्यात वाढलेले, आत्याची मुलगी आणि मामाची मुलगी यात फरक काय तेच कळेना. त्यांना दोन्ही लग्नं सारखीच विचित्र वाटली. म्हणजे प्रेक्षकांपैकी काहींना पहिलं लग्न आवडणार आणि दुसरं खटकणार, काहींना दोन्ही खटकणार. आम्हाला हवं होतं ते, पहिलं खटकावं आणि दुसरं आवडावं, कुणाच्याच बाबतीत आपोआप होणार नव्हतं.

मग ठाणे कोर्टातल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी भावना बाजूला ठेवून सांगितलं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंतचं नातं सपिंड, म्हणजे लग्नाला आडवं येणारं जवळचं नातं; पिढ्या स्वतःपासून मोजायच्या. कॅथी, तिची आई, आईचे वडील: तीन झाल्या, आणि तिथेच हेअरटनचे आजोबा बसलेले. असं लग्न रद्दबातल, दोघांनाही लागू असलेली रूढी परवानगी देत असेल तरच वैध. मामाच्या मुलीच्या बाबतीत अशी रूढी दाखवता येते. आत्याच्या मुलीच्या बाबतीत या घरात ती कुठून आणणार? नोंदणी पद्धतीचाही आडोसा नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत मामे-आते भावंडं आहेतच.

क्रिएटिव्हनी तोडगा काढला: हेअरटन दत्तक दाखवा. रक्ताचं नातं नाही, प्रश्न मिटला. वकीलबाई हसल्या. सपिंड नात्यात दत्तक नातंही धरलं जातं, तसं कायद्यातच लिहिलंय. मला हा तोडगा दुसऱ्याच कारणासाठी नको होता. पुस्तकात वरच्या घराच्या दारावर १५०० हा आकडा आणि ‘हेअरटन अर्नशॉ’ हे नाव कोरलेलं आहे. तीनशे वर्षांनी त्याच नावाचा मुलगा, ज्याला हीथक्लिफनं मुद्दाम अडाणी ठेवलं, कॅथीकडून वाचायला शिकतो. घर त्याला परत मिळतं. तो दत्तक असेल तर दारावरच्या नावाला अर्थ राहत नाही.

काय केलं

पहिल्या लग्नापासून सुरुवात केली. पुस्तकात हीथक्लिफ कॅथीला कोंडून ठेवतो, तिच्याबरोबर नेली डीन या जुन्या मोलकरणीलाही. नेली पाच रात्री बंद असते. आम्ही कोंडणं काढून टाकलं. आमच्या सातव्या भागात हीथक्लिफ नौपाड्याच्या घरी पेढ्यांचा पुडा घेऊन येतो आणि मरायला टेकलेल्या एडगरच्या पलंगाशी बसून म्हणतो, ‘मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो.’ खोलीतल्या म्हाताऱ्या बायका माना डोलावतात. एडगरला सगळं कळतंय, पण नकार द्यायला त्याच्याकडे कारण नाही. नेली सुद्धा ओटीचं सामान आणायला उठते. महिनाभर अडलेला प्रसंग मी एका रात्रीत लिहिला. दिग्दर्शिकेचं आजही मत आहे की कोंडण्याचा प्रसंग गेल्यानं हीथक्लिफचं जनावरपण कमी झालं. मला तो पेढ्यांच्या पुड्यासकट जास्त भीतीदायक वाटतो.

दहाव्या भागासाठी पुस्तकानंच वाट ठेवली होती, आमचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं. कॅथी-हेअरटनचं लग्न पुस्तकात लागतच नाही. १८०३च्या पहिल्या जानेवारीला लागणार, एवढंच नेली सांगते, आणि गोष्ट त्याआधी संपते. आम्हीही मंडप उभारला नाही. शेवटचा प्रसंग ओसरीवरचा: हेअरटन दारावरचं स्वतःचं नाव बोट फिरवत अक्षर-अक्षर वाचतो, कॅथी चुका काढते. आणि जोसेफ, साताऱ्याकडचा झाल्याचा फायदा इथे झाला, चुलीपुढून एवढंच म्हणतो, ‘येल माघारी फिरली म्हनायची.’ त्याच्याकडे दोघंही वळून बघत नाहीत. प्रेक्षकाला जे खटकणार आहे ते पडद्यावर कुणीतरी बोलून टाकावं, आणि त्याचं उत्तर कुणी देऊ नये, असं ठरलं.

नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात तीसेक माणसांपुढे वाचन ठेवलं. सातव्या भागाला खोलीत शांतता होती. एक आजोबा मात्र वाचन संपल्यावर खरोखरच विचारायला आले, की त्या लग्नात वाईट काय होतं, मुलगा आजारी होता एवढंच ना? दहाव्या भागातल्या जोसेफच्या ओळीला मागच्या रांगेत दोन बायका हसल्या आणि पुढच्या रांगेतल्या एक आजी वळून त्यांच्याकडे रागानं बघायला लागल्या. मग तिथेच, खुर्च्या आवरता आवरता, ‘आमच्यात चालतं’ आणि ‘तुमच्यात चालत असेल’ सुरू झालं. संवादलेखक ते सगळं मोबाइलवर टिपून घेत होता.

चॅनेलनं सातवा भाग जसाच्या तसा मंजूर केला. दहावा सातव्या खर्ड्यावर आहे. जोसेफच्या ओळीपुढे पिवळ्या रंगात आलेलं प्रश्नचिन्ह अजून निघालेलं नाही, आणि मानधनाचा शेवटचा हप्ता दहाव्या भागाच्या मंजुरीला बांधलेला आहे. शेजारी नवी सूचना आली आहे: ‘शेवटी लग्नाचे दोन-तीन शॉट्स घेता येतील का? म्यूझिकवर?’ कॅलेंडरचं पान मी फाइलला लावून ठेवलंय. सासूबाई मधूनमधून चौकशी करतात, ‘झालं का गं त्या दोघांचं?’

‘नाही अजून, आई.’

‘मग राहू दे तसंच,’ म्हणतात, आणि पेपर उघडतात.